गार्ड कुणी काढला

भगवंतरावांच्या शर्टाची गुंडी लावता लावता पद्मावतीनं पुन्हा बजावलं, "तो तिथं दिसला तर मी दारातूनच परत फिरेन."

"नाही येणार तो," भगवंतराव म्हणाले. गुंड्या त्यांना स्वतःला लावता येत नव्हत्या. उजव्या हाताला अंगठा तेवढा उरला होता.

आज खंडेनवमी होती. अपघातानंतर भगवंतराव पहिल्यांदाच सुलतान बाजारामागच्या सुतारकारखान्यात निघाले होते. यंत्रांची पूजा दरवर्षी वहिनींच्या हातची असते, यंदाही त्यांनीच करावी, असा निरोप मालक हर्षवर्धन यांनी मुद्दाम धाडला होता.

तिच्या मनात जायचं नव्हतं. ज्या मशीननं नवऱ्याचा हात खाल्ला त्याला कसलं हळदकुंकू? पण आयुधाशी वैर धरू नये, असं भगवंतरावच म्हणाले. शेवटी सुताराची बायको ती. तिनं ताट तयार केलं.

खरं तर मशीनवर तिचा राग नव्हताच. राग होता अप्पारावावर.

अप्पाराव कारखान्यातला मोठा मिस्त्री. भगवंतरावांना कामाला लावलं त्यानंच. पद्मावती त्याला राखी बांधायची आणि तो तिला चेल्लम्मा म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. मागच्या साली दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरींची घाई उडाली होती. फळी चिरताना मध्ये गाठ आली, फळी उसळली आणि भगवंतरावांचा हात गोल करवतीवर गेला. गार्ड जागेवर असता तर बोटं वाचली असती, असं मालक दवाखान्यात हळहळून म्हणाले. गार्ड कसा असतो हे पद्मावतीला कुठं ठाऊक? पण तो कुणीतरी काढला होता, एवढं तिला पुरेसं होतं. ती ज्याला त्याला विचारत सुटली. कारखान्यातली सगळी माणसं खाली बघत राहिली.

शेवटी अप्पारावच पुढं आला.

"मैंच निकाला, चेल्लम्मा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून भाऊबहिणीचं नातं संपलं. हा माणूस कामावर राहिला तर मी पोलिसात जाईन, असं तिनं मालकांना सांगितलं. अप्पाराव एका शब्दानंही भांडला नाही, हत्यारं पिशवीत भरून निघून गेला. खाई त्याला खवखवे, पद्मावती म्हणाली. आता उतारवयात तो सिकंदराबादच्या मजूर अड्ड्यावर रोजच्या कामासाठी उभा राहतो, हे तिच्या कानावर आलं होतं. ऐकून तिला वाईट वाटलंच. पण घरात नवरा डाव्या हातानं भात कालवताना दिसला की ती पुन्हा दगड व्हायची.

भगवंतराव मात्र कधीमधी म्हणायचे, त्याचा एवढा दोष नाही गं. मग कुणाचा, असं तिनं विचारलं की भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. आपल्या नवऱ्याला आपल्यापेक्षा तो मिस्त्री जवळचा वाटतो, या दुःखानं ती पदरात तोंड घालून रडायची.

कारखान्यात शिरल्या शिरल्या हर्षवर्धन यांनी तिला बाजूला घेतलं. अप्पारावाची तब्येत ढासळली होती, उन्हात उभं राहणं आता त्याला झेपत नव्हतं. दसऱ्यानंतर त्याला परत घ्यायचा त्यांचा विचार होता. वहिनी हो म्हणाल्या तरच, असंही ते म्हणाले.

पद्मावतीनं नवऱ्याच्या हाताकडं पाहिलं.

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही," ती म्हणाली.

हर्षवर्धन यांनी मान हलवली. यापुढं हा विषय काढणार नाही, एवढंच ते बोलले. भगवंतरावांनी डोळे मिटून घेतले.

मग ती पूजेला लागली. रंधे, पटाशा, हातकरवती धुऊनपुसून मांडल्या होत्या. एकेकाला कुंकू लावत ती त्या मोठ्या मशीनपाशी आली. तिनं हात जोडले आणि आता पुन्हा कुणाच्या वाटेला जाऊ नकोस, असं मनापासून मागितलं. झेंडूची माळ उचलली, तेव्हा तिचं लक्ष पात्याकडं गेलं.

"संदेश," जवळ उभ्या असलेल्या सुताराला ती म्हणाली, "हे पात्यावरचं लोखंडी झाकण काढ बघू. देवाचं तोंड झाकलेलं असताना कुंकू कसं लावू? आणि पूजलेलं पातं दिवाळीपर्यंत उघडंच ठेवायचं, ठाऊक आहे ना?"

संदेश हलला नाही. त्यानं भगवंतरावांकडं पाहिलं. भगवंतरावांनी मान नकारार्थी हलवली, पण तोवर उशीर झाला होता.

"हाच गार्ड आहे, वैनी," संदेश म्हणाला. "मागच्या नवमीला तुम्हीच काढ म्हनले, म्हनून अप्पारावनं काढला."