बगळ्याभोवतीची झाडं

"हात लावू नको म्हटलं ना." रेत्नोने सेकारचा हात तिसऱ्यांदा मागे ओढला.

महापालिकेच्या सभागृहात, मधल्या टेबलावर, नव्या कलाभवनाचं मॉडेल उघडंच मांडलं होतं. नदीकाठी पंख पसरून बसलेल्या पांढऱ्याशुभ्र बगळ्यासारखी इमारत आणि भोवती स्पंजची गर्द झाडं. लोकांचं मत घ्यायला सभा होती. दारातच हजेरीवर सही घेऊन खाऊचा डबा हातात देत होते.

रेत्नोने डबा उघडला नव्हता. ती भांडायला आली होती. तिची दोन वर्षांची मुलगी सेकार डेंग्यूतून नुकती उठली होती आणि दारापुढचं गटार अजून उघडं, तुंबलेलंच होतं. या एका बगळ्याच्या पैशात अख्ख्या शहराची गटारं होतील, असं तिने उभं राहून सांगितलं. अधिकारी हार्योनो कागद चाळत म्हणाले की शिकलेल्या बाईने तरी असं बोलू नये. गटार बघायला कुणी विमानाने येत नाही.

मागून शेजारच्या तुमिनीबाई, सगळ्यांच्या इबू, म्हणाल्या, "येऊ देत की पाहुणे. फक्त फोटोत आमचं गटार आलं तर आम्हाला बोल लावू नका."

"नाही येणार, इबू. शब्द देतो," हार्योनो म्हणाले. सगळे हसले.

रेत्नो हसली नाही. गेल्या महिन्यात मोजणीवाले आले, तेव्हा तुमिनी दारावर आकडा घालू देईनात. हे गटारासाठीच आहे, असं सांगत रेत्नोच घरोघर फिरली होती. स्वतःच्या दारावर लाल रंगात एकतीस घालून घेतला, तुमिनींच्या दारावर बत्तीस, आणि वर त्या माणसांना चहा पाजला.

"मोजणी झालीय आमची," ती म्हणाली. "मग काम कधी?"

"मोजणी झालीय ना? मग होणारच," हार्योनो म्हणाले.

तेवढ्यात सेकारचा हात सुटला. तिने एक झाड धरलं आणि मुळासकट उपटलं.

रेत्नो ते परत लावायला वाकली. खाली नकाशा चिकटवलेला होता. त्यावर नखाएवढा चौकोन, चौकोनात लाल शाईने एकतीस. वर फुली.

पलीकडचं झाड तिने स्वतःच उपटलं. खाली बत्तीस, त्यावरही फुली.

इबू तुमिनी तिच्या खांद्यामागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी बत्तीसवर बोट ठेवलं.

"गटारासाठी ना गं, रेत्नो?"