सुबाभळीचा वास

डोंगरावर आता एकही सुबाभूळ उरली नव्हती. रानभर माजलेलं हे झाड संपवायला प्रयोगशाळेत घडवून सोडलेल्या काळ्या भुंगेऱ्यांनी पाला, शेंगा, खोड, सगळं फस्त केलं होतं. तिच्याशिवाय ते कशालाच तोंड लावत नसत. झाडं संपली की उपाशी मरतील, असं भुंगेरा केंद्राच्या मृणाल मॅडमनी गावाला सांगितलं होतं.

ते मेले नाहीत. म्हणून तर सगुणाने मॅडमना घरी बोलावून घेतलं होतं.

"आधी शेळ्यांवर बसायला लागले," चहाचा कप पुढे करत ती म्हणाली. "आता हे बघा. हाकलले तरी परत येतात."

झोळीत तिचं बाळ निजलं होतं. त्याच्या गालांवर, पापण्यांवर, मुठींवर भुंगेरे बसले होते. चावत नव्हते. नुसत्या मिशा हलवत होते, पाला हुंगताना हलवायचे तशा.

"अगं, सुबाभूळ सोडून ते काही खातच नाहीत," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला. "बाळाला अंगावरच पाजतेस ना?"

"मला दूधच उतरलं नाही, मॅडम. शेळीच्या दुधावर जगलंय ते. आणि शेळ्या वाढल्या सुबाभळीवर. त्यांच्या हाडामांसात तोच पाला."

मॅडमनी कपाकडे पाहिलं. "मग हा चहा?"

"शेळीच्याच दुधाचा. गावात दुसरं आहे कुठं?"

बाळाच्या गालावरून एक भुंगेरा उडाला आणि मॅडमच्या ओल्या ओठावर येऊन बसला. त्याने मिशा हलवल्या. मग हळूच चावा घेतला.