किल्ली साहेबांकडे

बागेचं नूतनीकरण ठरलं, तेव्हा साहेबांनी मधल्या जुन्या झाडावर माळीकाकांकडूनच सूचनापेटी ठोकून घेतली. वीस वर्षं पाणी घातलेल्या झाडाला खिळा मारणं काकांच्या जिवावर आलं होतं. पण साहेबांनी पेटीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सांगितलं, "लोक म्हणतील तसंच करायचं."

महिनाभर लोक येत राहिले. पोरांना घसरगुंडी हवी होती, म्हाताऱ्यांना बाकं, पण चिठ्ठी टाकताना जो तो काकांना बजावून जायचा, "बाकी काहीही करा, ही सावली तेवढी ठेवा." अक्षरशत्रू काकांनीही सुनेकडून तेच लिहून घेतलं. पेटी इतकी गच्च भरली होती, की त्यांना आपली चिठ्ठी काडीने आत ढकलावी लागली.

सोमवारी करवतवाले आले. काका धापा टाकत साहेबांच्या टेबलापाशी पोचले. "साहेब, लोकांचं काय म्हणणं आहे ते एकदा बघा तरी."

"बघणार आहे ना," साहेब फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले.



"झाड पाडून झालं, की पेटी तेवढी सोडवून आणा."