निळ्या सदऱ्याचं बटण

१९३७च्या उन्हाळ्यात, यादवी युद्ध चालू असताना, नवारा प्रांतातल्या आमच्या घरी आघाडीवरून आलेली दादाची शवपेटी उघडली, तेव्हा त्याच्या अंगात निळा सदरा होता. आमच्या राजपक्षाची लाल टोपी पायांशी ठेवली होती. “याला हे सोंग कोणी चढवलं?” बाबांनी विचारलं. पेटीसोबत आलेला, तसाच निळा सदरा घातलेला अधिकारी म्हणाला, “काका, सरसेनापतींचा एप्रिलचा हुकूम आहे. तुमचा राजपक्ष आणि आमचा पक्ष आता एकच झालेत.” “माझे आजोबा, वडील राजासाठी, धर्मासाठी मेले. तुमचा पक्ष तर माझ्या खेचराहूनही वयानं लहान!” बाबांनी वरचं बटण काढलं आणि सदरा कापायला माझ्याकडून कात्री घेतली. आई टोपी छातीशी धरून उभी होती. अधिकारी हलक्या आवाजात म्हणाला, “तुमचा धाकटा मुलगा ब्लास अजून आघाडीवरच आहे ना, काका?” कात्री बाबांच्या हातातच राहिली. मग ती मला परत देऊन ते वाकले आणि दादाच्या गळ्याचं बटण त्यांनी पुन्हा लावलं.