प्लायवूडची गल्ली

"अजून थोडी राख लाव," दिग्दर्शक म्हणाला. मेकअपवाल्याने ठिणगीच्या दुसऱ्या गालावरही बोट फिरवलं.

ठिणगी, ठेका आणि लंबू. तिघांचा रॅपचा ग्रुप. आजवरची सगळी गाणी त्यांनी लंबूच्या स्वयंपाकघरात, खिडकीला गोधडी बांधून रेकॉर्ड केलेली. मोठ्या कंपनीने व्हिडिओसाठी बोलावण्याची ही पहिलीच वेळ. तिघं नवे कपडे घालून आले होते, आणि ठेक्याची आई तर हौसेने सोबत आली होती. नव्या कपड्यांवर आता चिखल फासून झाला होता.

समोर त्यांची गल्ली उभी होती. प्लायवूडची. तुंबलेलं गटार, भिंतीवर रंगवलेलं शेवाळ. एक माणूस पोत्यातून कचरा काढून दुकानातल्या मालासारखा नीट मांडत होता.

"हे कुणाचं घर?" ठेक्याच्या आईने विचारलं.

"तुमचंच की, मावशी!" दिग्दर्शक हसला.

"आमच्या दारात असं नसतं हो."

"लोकांना असंच बघायचं असतं."

"गाणं आमच्या अभ्यासिकेवर आहे," ठिणगी म्हणाली. "गल्लीने स्वतः विटा वाहून बांधली ती. अख्ख्या गाण्यात गटाराचा 'ग'सुद्धा नाही."

"शब्द कोण ऐकतंय? अर्ध्या लोकांना तुमची भाषाच कळणार नाही. चिखल सगळ्यांना कळतो."

ठिणगी काहीतरी बोलणार होती. लंबूने तिचं मनगट दाबलं. "गप बस," तो पुटपुटला. "इतकी वर्षं घासलीत आपण. आता तोंडाशी आलेला घास घालवू नकोस." ठेका जमिनीकडे बघत राहिला.

मग दिग्दर्शकाची नजर पुन्हा आईकडे गेली. तिला गटाराकाठी बसवलं.

"मावशी, आता जरा रडा."

"कशाला?"

"मुलांचे काय हाल झाले, ते आठवा."

आईने खरंच आठवून बघितलं. "हाल होते तेव्हा रडायला सवड नव्हती," ती म्हणाली. "आता सवड आहे, पण पोरांचं चांगलं चाललंय. आज कसं रडू?"

सगळे हसले. दिग्दर्शकाने मेकअपवाल्याला खूण केली. त्याने तिची हनुवटी धरून मान वर केली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. पाणी घळाघळा वाहू लागलं. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ सरकला. ती हात मांडीवर ठेवून, फोटोला बसतात तशी ताठ बसून राहिली.

"कट! वा, मावशी! जिवंत!"

"आता डोळे पुसू का?" तिने विचारलं.

लंबू उठला. कुणाला काही कळायच्या आत तो स्पीकरपाशी गेला, खटका बंद केला आणि त्यांच्या गाण्याचा पेनड्राइव्ह उपसून खिशात टाकला.

"ए, काय करतोस?" दिग्दर्शक ओरडला.

"गाणं आमचं आहे. अजून सही केलेली नाही. आणि काकूंचं जे घेतलंत, ते पुसा. माझ्यासमोर पुसा."

"पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही तुम्हाला!"

"असल्या दारात उभं राहायचंय कुणाला?" लंबूचा आवाज चिरकला. गाताना तो कधी चिरकत नसे.

कॅमेरावाल्याने दिग्दर्शकाकडे बघितलं, मग आईकडे, आणि ते चित्रण पुसून टाकलं. ठेक्याने आईला हात देऊन उठवलं. ठिणगीने पिशव्या उचलल्या.

बाहेर बाकावर दुसरे तिघं बसले होते. कोरे शर्ट, चोपून बसवलेले केस. तिघांचेही ओठ हलत होते, गाणं पाठ म्हणत असावेत. तेवढ्यात आतून हाक आली, "पुढचा ग्रुप!"

तिघं ताडकन उठले. त्यातला एक दारापाशी अडखळला आणि ठिणगीकडे वळून हळूच म्हणाला,

"ताई, चपला बाहेरच काढायच्या ना?"

ती काही बोलायच्या आत त्याने काढल्याही होत्या.