कोचीला उतरायचं

"तुमी पडा हितंच. म्या जाऊन येते," चंद्राबाई म्हणाल्या आणि त्यांनी चपला पायात सरकवल्या.

जहाज सकाळी दहालाच कोचीच्या धक्क्याला लागलं होतं. मानसिंगराव केबिनमधल्या पलंगावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"एकटी? डोकं फिरलंय का? जहाजाची बस हाय की. मानसं मोजून नेत्यात, मोजून आनत्यात. दिसभर हिंडवत्यात. तिच्यात जा."

"मोजून न्यायला म्या काय शेरडू हाय?"

"पाचाला जहाज सुटतंय. कुनासाठी थांबत न्हाई ते. मागं ऱ्हायलीस मंजी?"

"ऱ्हायले तर येईन एसटीनं," चंद्राबाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

मानसिंगरावांनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती. भोर ते वेल्हे, वेल्हे ते पुणे. गाडी जशी वेळेला सोडायची, तसंच घरही हाकायचं. राजगडाखालच्या पालीतल्या त्यांच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. चंद्राबाईंनी मात्र राजगडावर वाट चुकलेली कितीतरी शहरी माणसं हाताला धरून खाली आणली होती. एका बंदराची त्यांना काय भीती?

आदल्या दिवशी गोव्यात त्या अशाच एकट्या उतरल्या होत्या. रिक्षावाल्यांचा गराडा चुकवून साध्या बसमध्ये बसल्या, बाजार फिरल्या आणि जहाज सुटायच्या दीड तास आधी परत आल्या. मानसिंगरावांना काय ठाऊक, की गोवा ही नुसती तालीम होती. खरं काम कोचीत होतं.

कोचीत नूतन होती. त्यांची थोरली.

अकरा वर्षांपूर्वी पुण्याच्या दवाखान्यात नर्स असताना तिनं बरोबरच्या एका मल्याळी मुलाशी लग्न केलं. मानसिंगरावांनी ओसरीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "तिचं नाव पुन्हा या घरात निघालं, तर म्या घर सोडीन." त्यानंतर नाव निघालं नाही. धाकटा गोरख पुण्याला असायचा. त्याच्या मोबाईलवरून चंद्राबाई चार वेळा लेकीशी चोरून बोलल्या, तेवढंच. नातीचं तोंडसुद्धा त्यांनी पाहिलं नव्हतं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून गोरखनं आईबापाला जहाजाची सहल दिली. दोन जहाजं होती. एक गोव्याहूनच परतणारं, दुसरं कोचीपर्यंत जाणारं. मानसिंगराव दर माघात जुन्या ड्रायव्हर मंडळींबरोबर आठ दिवस देवदर्शनाला जायचे, बायकांना नेत नसत. यंदा गुडघ्यामुळे तेही हुकलं होतं. "जायचंच तर लांबचं बघ," ते गोरखला म्हणाले आणि त्यांनीच कोची निवडलं. चंद्राबाईंना वाटलं, देवानंच त्यांच्या तोंडून वदवलं.

गोरखनं नूतनचा पत्ता मराठीत आणि मल्याळीत लिहून दिला. "तिला कळवू?" त्यानं विचारलं.

"नगं. पोचले न्हाई तर पोरीचा जीव तुटंल."

धक्क्याच्या फाटकाबाहेर टॅक्सीवाले धावत आले. चंद्राबाईंनी कुणाला दाद दिली नाही. पायी चालत बोटीच्या जेटीवर पोचल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि चुकीच्या बोटीत बसल्या.

बोट भलत्याच काठाला लागली. चहूकडे उंच इमारती. पत्त्याचा कागद बघून जो तो पाण्यापलीकडे बोट दाखवायचा. एका पोलिसानं त्यांच्या गळ्यातलं जहाजाचं कार्ड आणि घड्याळ बघत हिंदीत समजावलं, "माताजी, परत जहाजावर जा. जहाज चुकेल."

साडेबारा वाजून गेले होते. परत फिरावं, असं एकदा मनात आलं. मग त्यांनी पदर खोचला.

"अकरा वर्सं परतच फिरत आले," त्या मराठीतच म्हणाल्या. पोलिसाला काही कळलं नाही, पण त्यानं त्यांना बरोबर बोटीपर्यंत नेऊन सोडलं.

या वेळी काठ बरोबर होता. पुढे एका मासे विकणाऱ्या बाईनं कागद पाहिला, पाटी शेजारणीकडे सोपवली आणि त्यांना पार गल्लीच्या तोंडाशी आणलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी वाटभर दोघी बोलत होत्या.

गल्लीत चालता चालता चंद्राबाई संध्याकाळचं बोलणं मनाशी घोळवत होत्या. आता लपवाछपवी नाही. जहाजावर गेल्या गेल्या नवऱ्यासमोर उभं राहायचं आणि सांगायचं, "नूतनला भेटून आले. तुमाला घर सोडायचं तर सोडा. म्या न्हाई सोडनार लेकीला." चाळीस वर्षांत त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. दोनदा त्यांनी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी आवाज कापला नाही.

घर सापडलं. त्यांनी कडी वाजवली.

नऊएक वर्षांच्या मुलीनं दार उघडलं. नाक थेट नूतनचं.

"नूतन... नूतन हाय का घरात?"

मुलगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. डोळे मोठे झाले. मग ती आतल्या खोलीकडे वळली आणि अस्सल वेल्ह्याच्या बोलीत ओरडली,

"आजोबा, यंदाबी एकटाच आलोय म्हनला न्हवं? मंग ही फोटोतली आजी कशी आली?"