परीक्षकांचा फराळ

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पदवीची शेवटची तोंडी परीक्षा होती. परीक्षकांपुढे कॉफी, केक आणि घरी गाळलेली आलुबुखाराची दारू विद्यार्थ्यानेच मांडायची, ही रोमानियातली जुनी रीत. इलिंकाने मात्र टेबल रिकामं ठेवलं, कारण तिचा प्रबंधच 'परदेशी व्यापारातली लाचलुचपत' या विषयावर होता. "अगं बये, नापास करतील तुला!" असं म्हणून आईने सकाळीच डोळ्याला रुमाल लावला होता.

तिन्ही परीक्षकांनी टेबलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग एकमेकांकडे.

"काहीच आणलं नाहीस?" मुख्य परीक्षक हारालाम्बिए सरांनी डोळे बारीक करून विचारलं.

"नाही, सर."

"आणि भीती नाही वाटत?"

"नाही, सर." तिने प्रबंध त्यांच्यापुढे सरकवला.

तिघांची बराच वेळ कुजबुज चालली. मग प्रबंधाचं पानही न उलटता त्यांनी तिला दहापैकी दहा गुण देऊन टाकले.

दारापर्यंत सोडायला सर स्वतः आले आणि हळूच म्हणाले, "मंत्रालयात तुमचं कोण आहे, ते मी विचारत नाही, बाईसाहेब. फक्त त्यांना माझा नमस्कार सांगा."